मेल सर्व्हरचा पॅच फुकट, मग बिल कशाचं?

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या एजन्सीचं कोटेशन येतं आणि त्यात एक ओळ असते: ‘सिक्युरिटी पॅचिंग चार्जेस’. पुढे आकडा. कारखान्याचा मालक, पतसंस्थेचा सचिव किंवा कॉलेजचा रजिस्ट्रार त्या ओळीपाशी थबकतो, कारण ती कशाची आहे हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. आकडा मोठा वाटला तर ओळ खोडली जाते, लहान वाटला तर न विचारता सही होते. दोन्हींत नुकसान ग्राहकाचंच आहे. पहिल्या प्रकारात सर्व्हर उघडा पडतो आणि दुसऱ्या प्रकारात पैसे जातात, पण काम झालं की नाही हे कधी कळत नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पोस्टफिक्स, एक्झिम, डव्हकॉट, राउंडक्यूब या नेहमीच्या मेल सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या दुरुस्त्या, म्हणजे पॅच, मोफत मिळतात. चालू असलेल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज आवृत्तीचे सुरक्षा पॅचही वेगळे विकत घ्यावे लागत नाहीत. तुम्ही पैसे मोजता ते दोन गोष्टींचे: दुरुस्ती आली हे कुणीतरी वेळेत पाहावं याचे, आणि ती वेळेत बसवावी याचे. म्हणून कोटेशनवर पहिला प्रश्न ‘किती रुपये?’ असा विचारू नका. ‘किती तासांत?’ असं विचारा.

तास का महत्त्वाचे, ते एक्झिमच्या उदाहरणावरून कळेल. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझल यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतलेलं हे सॉफ्टवेअर. नाव ऐकलं नसेल, पण सीपॅनेलवर चालणाऱ्या होस्टिंगमध्ये मेलचं काम हेच करतं, म्हणजे आपल्याकडच्या असंख्य लहान कंपन्यांची मेल त्यातून जाते. २७ मे २०१९ रोजी क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी एक्झिमच्या विकासकांना खासगीत एक त्रुटी कळवली. ज्याला मेल पाठवायची त्याच्या पत्त्यातच विशिष्ट पद्धतीने कमांड लिहिली, तर सर्व्हर तो पत्ता वाचता वाचता ती कमांड चालवून टाकत होता, तीही रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकारात. ५ जूनला दुरुस्ती सगळ्यांसाठी खुली झाली. ९ जूनच्या सुमारास हल्ले सुरू झालेले दिसले. मध्ये गेले चार दिवस.

चार दिवसांत ज्यांनी पॅच बसवला ते सुटले. ज्यांनी ‘पुढच्या महिन्याच्या व्हिजिटला बघू’ म्हटलं ते उघडे राहिले. रशियन लष्करी गुप्तचर यंत्रणेचा सँडवर्म हा गट ऑगस्ट २०१९ पासून याच वाटेने सर्व्हरांमध्ये शिरतो आहे, असा इशारा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने मे २०२० मध्ये दिला. त्या वेळी दुरुस्ती येऊन जवळपास वर्ष झालं होतं आणि ती फुकट होती.

याच प्रकरणातली आणखी एक बाब ग्राहकाने ध्यानात ठेवावी. एक्झिमच्या फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ४.९२ या आवृत्तीत ही त्रुटी नव्हतीच. ती दुरुस्त झाली होती, फक्त तिचा सुरक्षेशी संबंध आहे हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जो नेमाने नवी आवृत्ती बसवत होता त्याला जूनची धावपळ करावीच लागली नाही. नियमित देखभालीवर खर्च केलेला रुपया आणीबाणीतले रुपये वाचवतो, तो असा.

वर्षाचा हिशेब

आता आकडे. इंजिनिअरचा तासाचा दर पुण्यात वेगळा, लातूरला वेगळा, पणजीत वेगळा. तुमच्या गावचा दर तुम्हीच टाका. मी हिशेबाच्या सोयीसाठी तासाला १,००० रुपये धरतो आणि अडीनडीच्या, म्हणजे रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी केलेल्या कामाला दुप्पट. लिनक्सवर चालणारा एक मेल सर्व्हर आणि २५ मेलबॉक्स, असं ऑफिस समोर ठेवा.

महिन्याचं नेहमीचं पॅचिंग, त्यात आधी बॅकअप किंवा स्नॅपशॉट, मग अपडेट, मग मेल येते-जाते का याची तपासणी: तासाभराचं काम. वर्षाचे १२,०००. तातडीचे प्रसंग वर्षात तीन आले आणि प्रत्येकी तीन तास गेले असं धरा, दुप्पट दराने १८,०००. बॅकअप खरोखर परत उभा राहतो का हे वर्षातून दोनदा करून पाहणं, प्रत्येकी दोन तास: ४,०००. वर्षातून एकदा मोठा आवृत्ती-बदल, आठ तास: ८,०००. बेरीज ४२,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ७,५६०. एकूण ४९,५६० रुपये, म्हणजे दर मेलबॉक्समागे महिन्याला साधारण १६५ रुपये. सर्व्हरचं भाडं, वीज, इंटरनेट आणि बॅकअपची जागा यात धरलेली नाही.

जीएसटी नोंदणी असलेल्या धंद्याला इनपुट क्रेडिट मिळतं, त्यामुळे त्याचा खरा खर्च ४२,००० वरच थांबतो. शाळा, ट्रस्ट, लहान संस्था यांना बहुतेकदा ते मिळत नाही. त्यांनी कोटेशनची तुलना कर धरूनच करावी.

याच हिशेबात २५ ऐवजी १०० मेलबॉक्स टाकून पाहा. काम तेवढंच, कारण सर्व्हर एकच आहे. दर मेलबॉक्सचा खर्च महिन्याला ४१ रुपयांवर येतो. स्वतःचा सर्व्हर ठेवायचा की भाड्याची मेल सेवा घ्यायची, हा निर्णय या एका भागाकारावर बराचसा होतो. भाड्याच्या सेवेचं कोटेशन माणशी महिन्याच्या दराने येतं. ते या आकड्याशेजारी मांडा. माझं स्पष्ट मत आहे: ५० मेलबॉक्सच्या खाली असाल आणि मेल स्वतःच्याच यंत्रावर ठेवण्याची कायदेशीर किंवा धंद्याची ठोस गरज नसेल, तर स्वतःचा सर्व्हर चालवू नका. या हिशेबात कोणी एजन्सी फार स्वस्त दर देत असेल, तर त्यातला कोणता तास तिने गाळला हे विचारा. बहुतेक वेळा तो तातडीच्या प्रसंगांचा असतो.

मेल बंद राहील या भीतीने अनेक मालक पॅच रविवारपर्यंत ढकलायला सांगतात. ही भीती सोडायला हवी. तुमचा सर्व्हर तासभर बंद असला तर बाहेरून येणारी मेल हरवत नाही. पाठवणारा सर्व्हर ती स्वतःकडे रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या मूळ नियमावलीत असा प्रयत्न चार-पाच दिवस तरी चालू ठेवावा असं म्हटलेलं आहे. बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत पाऊण तास सर्व्हर खाली घेतला, तर मेल पाऊण तास उशिरा येईल, एवढंच. सुट्टीच्या दिवसाच्या दुप्पट दराचे पैसेही वाचतील.

कुठे खरोखर पैसे लागतात

पॅच फुकट असला तरी तो मिळण्यासाठी सॉफ्टवेअर निर्मात्याच्या आधाराखाली असावं लागतं. बहुतेक मोठी बिलं या मुद्द्यावर येतात.

सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला. त्यावर अजूनही मेल चालवणारी ऑफिसं आहेत. तिथे पॅचिंगचे पैसे घेणारी एजन्सी नेमकं काय बसवते हे विचारा, कारण त्या प्रणालीसाठी मोफत पॅच येणंच बंद झालं आहे. तिथे यंत्रणा नव्या प्रणालीवर हलवावी लागते. चांगल्या इंजिनिअरचे त्यात दोन-तीन दिवस जातात. हा खर्च एकदाचा आहे आणि तो टाळण्यात काहीच शहाणपण नाही.

उबुंटूच्या एलटीएस आवृत्तीला पाच वर्षं नेहमीचे सुरक्षा अपडेट मिळतात. पण उबुंटूमधली सगळी पॅकेजं एका पंक्तीत बसत नाहीत. पोस्टफिक्स मुख्य भांडारात आहे, राउंडक्यूब ‘युनिव्हर्स’ या दुसऱ्या भांडारात. त्या दुसऱ्या भांडाराची सुरक्षा-हमी उबुंटू प्रो घेतल्यावर मिळते. प्रो हे वैयक्तिक आणि लहान व्यावसायिक वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे. एक-दोन सर्व्हर असलेल्या ऑफिसला त्याचे पैसे पडत नाहीत, फक्त नोंदणी करावी लागते. कोटेशनमध्ये ‘उबुंटू प्रो लायसन्स’ म्हणून रक्कम दिसली तर ती कशाची, हे नक्की विचारा.

हे राउंडक्यूबच्या बाबतीत का महत्त्वाचं? १ जून २०२५ रोजी त्याच्या १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्या आल्या. त्यांनी बुजवलेली त्रुटी सुमारे दहा वर्षं कोडमध्ये पडून होती. एखाद्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड हाती लागला की त्यातून सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येत होता. पॅच आल्यावर जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून हल्लेखोरांनी काही दिवसांतच वाट शोधून काढली. पॅच जाहीर होणं म्हणजे त्रुटी नेमकी कुठे आहे ते जगाला कळणं. घड्याळ तिथून चालू होतं.

झिंब्रा ही मेल यंत्रणा वापरणाऱ्यांसाठी: ८.८.१५ या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला, आणि ९ व्या आवृत्तीपासून कंपनीने मुक्त आवृत्तीची तयार पॅकेजं देणं थांबवलं. म्हणजे ‘झिंब्रा फुकट आहे’ हे जुन्या काळचं वाक्य झालं. आता एक तर लायसन्स, नाही तर दुसऱ्या कुणी बांधलेली पॅकेजं आणि त्यांच्या देखभालीची जबाबदारी, नाही तर स्थलांतर.

एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यापुढची वाट म्हणजे एक्स्चेंज सर्व्हर सबस्क्रिप्शन एडिशन, आणि नावाप्रमाणेच त्यात लायसन्सचा खर्च दरवर्षी येतो. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत भागीदाराकडून लेखी घ्या, त्यात सर्व्हरचं लायसन्स आणि माणशी लागणारी लायसन्स वेगवेगळी दाखवून घ्या, आणि मगच भाड्याच्या सेवेशी तुलना करा.

कधी कधी पॅच बसवूनही भागत नाही. बाराकुडा कंपनीची ईमेल तपासणारी पेटी अनेक ऑफिसांत बसवलेली होती. मे २०२३ मध्ये तिच्यातली त्रुटी उघड झाली, पॅच आला आणि तो यंत्रांवर बसवलाही गेला. जूनमध्ये मात्र कंपनीने सांगितलं की घुसखोरी झालेली यंत्रं, पॅच कोणताही असो, बदलूनच टाका. हल्लेखोर ऑक्टोबर २०२२ पासून आत होते आणि त्यांनी यंत्रात खोलवर बस्तान बसवलं होतं. असं उपकरण घेताना ‘सुरक्षेच्या कारणाने यंत्र बदलावं लागलं तर खर्च कुणाचा’ हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावं.

घाबरून दिलेले पैसे

न बसवलेल्या पॅचमुळे नुकसान होतं, तसं नको असलेल्या कामामुळेही होतं. ऑडिट करणारा एक स्कॅनर चालवतो, सर्व्हर स्वतःची आवृत्ती सांगतो, आणि अहवालात लाल रंगात लिहून येतं: ‘जुनी आवृत्ती, अतिगंभीर’. लगेच अपग्रेडचं कोटेशन जोडलेलं असतं.

इथे थांबा. डेबियन, उबुंटू, रेड हॅट या मंडळींची पद्धत अशी की आवृत्तीचा मुख्य आकडा न बदलता ते जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती आणून बसवतात. एक्झिमच्या २०१९ च्या त्रुटीच्या वेळी डेबियन ९ मधली दुरुस्त आवृत्ती ‘४.८९-२+डेब९यू४’ होती. स्कॅनरला दिसतं फक्त ४.८९, आणि तो ती धोकादायक ठरवतो. खरी माहिती शेवटच्या त्या ‘यू४’ मध्ये आहे. एजन्सीला सांगा: पॅकेजचा संपूर्ण क्रमांक द्या आणि प्रणालीच्या निर्मात्याच्या सूचनेत ती त्रुटी कोणत्या क्रमांकाला बुजली ते शेजारी दाखवा. पाच मिनिटांच्या या ताळ्याने हजारोंचं अनावश्यक काम टळतं.

दुसरी तपासणी म्हणजे ती त्रुटी तुम्हाला लागू आहे का. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस झीरो डे इनिशिएटिव्ह या त्रुटी कळवणाऱ्या उपक्रमाने एक्झिममधल्या त्रुटी पॅच नसताना जाहीर केल्या. त्यांनी त्या जून २०२२ मध्येच कळवल्या होत्या, आणि पुरेसा तपशील वेळेत मिळाला नाही असं विकासकांचं म्हणणं होतं. दोन बाजूंचा हा बेबनाव ग्राहकाच्या डोक्यावर पडला आणि काही दिवस सगळीकडे घबराट होती. पण त्यांतली सर्वांत गंभीर त्रुटी ‘एक्स्टर्नल’ या प्रकारची ओळख-तपासणी चालू असलेल्या सर्व्हरलाच लागू होती, आणि ती फार थोड्या ठिकाणी चालू असते. २ ऑक्टोबरला ४.९६.१ आवृत्तीने ती बुजलीही. ज्याने शांतपणे सूचना वाचली त्याने आपली सेटिंग पाहिली आणि दुरुस्ती नेहमीच्या वेळापत्रकात बसवली.

उलट कधी तातडीचा उपाय एक-दोन ओळींत असतो. डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग हा प्रकार जाहीर झाला. त्यात एका मेलच्या पोटात दुसरी बनावट मेल दडवून पाठवता येत होती. एसईसी कन्सल्ट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी काही मोठ्या कंपन्यांना महिनोन् महिने आधी कळवलं होतं, पोस्टफिक्सच्या विकासकांना मात्र नाही. नाताळच्या तोंडावर हे बाहेर आलं. तरीही पोस्टफिक्समध्ये दोन सेटिंग बदलल्या की तात्पुरतं संरक्षण मिळत होतं. झिंब्राच्या २०२२ मधल्या एका त्रुटीवर ‘पॅक्स’ नावाचं छोटं पॅकेज बसवून सेवा पुन्हा सुरू करणं एवढाच तातडीचा उपाय होता. अशा कामाला पूर्ण दिवसाचं बिल आलं तर कामाचा तपशील मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

करारातलं एक वाक्य

वार्षिक देखभालीच्या बऱ्याच करारांत असं वाक्य असतं: ‘आवश्यकतेनुसार सॉफ्टवेअर अपडेट करण्यात येईल.’ आवश्यकता कोण ठरवणार, अपडेट कधी होणार, झालं हे कसं कळणार, यातलं काहीच त्यात नाही. असं वाक्य खोडा आणि त्या जागी हे घाला:

‘सर्व्हरवरील सॉफ्टवेअरमधील गंभीर त्रुटीची दुरुस्ती निर्मात्याने जाहीर केल्यापासून ४८ तासांच्या आत, सुट्टीचे दिवस धरून, बसवली जाईल. दुरुस्ती उपलब्ध नसल्यास तात्पुरता उपाय २४ तासांच्या आत केला जाईल. काम झाल्यावर पॅकेजचा आधीचा व नंतरचा संपूर्ण क्रमांक, बसवल्याची वेळ आणि सेवा पुन्हा सुरू केल्याची नोंद ईमेलने दिली जाईल.’

‘सेवा पुन्हा सुरू केल्याची नोंद’ हे शब्द गाळू देऊ नका. ओपनएसएसएलसारखी लायब्ररी डिस्कवर नवी झाली तरी चालू असलेला मेल प्रोग्रॅम मेमरीतली जुनीच वापरत राहतो. रीस्टार्ट होईपर्यंत पॅच कागदावरच असतो. आणि ‘सुट्टीचे दिवस धरून’ का, ते नाताळच्या त्या उदाहरणावरून कळलंच असेल.

या वाक्याला पैसे पडतील. एजन्सी दर वाढवून मागेल आणि ते रास्त आहे, कारण रविवारी रात्री कुणाचा तरी फोन चालू असण्याची ती किंमत आहे. ती द्या. त्या बदल्यात त्रुटींच्या सूचना रोज वाचणाऱ्या माणसाचं नाव करारात घ्या आणि उशीर झाल्यास दिवसागणिक किती रक्कम कापली जाईल ते लिहा. सूचना वाचायला पैसे लागत नाहीत. भारत सरकारची सर्ट-इन ही संस्था त्या प्रसिद्ध करते, आणि ज्या त्रुटींचा प्रत्यक्ष गैरवापर होतो आहे त्यांची यादी अमेरिकेची सिसा ही संस्था २०२१ पासून सर्वांना खुली ठेवते. त्या यादीत तुमचं सॉफ्टवेअर दिसलं तर ४८ तासही फार आहेत.

घुसखोरी झाल्यावरचं बिल

एक्स्चेंजचं २०२१ चं प्रकरण खर्चाच्या दृष्टीने फार शिकवणारं आहे. तैवानच्या डेव्हकोर कंपनीतल्या ऑरेंज त्साय या संशोधकाने प्रॉक्सीलॉगॉन ही त्रुटी डिसेंबर २०२० मध्ये शोधली आणि ५ जानेवारी २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टला कळवली. त्याच महिन्यात तिचा गैरवापर सुरू झाला होता. २ मार्चला पॅच आला, पण सुरुवातीला तो ताज्या आवृत्त्यांसाठीच होता. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं एक्स्चेंजचे मोठे अपडेट टाळले होते त्यांना आधी ते बसवावे लागणार होते, म्हणजे काही तास सर्व्हर बंद. ८ मार्चपासून जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळे पॅच मिळू लागले.

त्यातही एक बारीक खाच होती. पॅचच्या फाइलवर नुसतं डबल-क्लिक केलं आणि ती ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालवली नाही, तर काही फाइल जुन्याच राहत. पडद्यावर चूक दाखवणारा संदेश येत नसे. पॅच बसला, असंच वाटायचं. आधी-नंतरच्या क्रमांकाची नोंद मागायची ती यासाठी.

पॅचने नवं येणं थांबलं, पण आधी आत आलेल्यांनी ठेवलेले वेब शेल, म्हणजे मागचे चोरदरवाजे, तसेच राहिले. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरांवरून ते काढले. आपल्याकडे ते तुम्हालाच काढावे लागतील. तेव्हा पॅच उशिरा बसला असेल तर कोटेशनमध्ये ‘घुसखोरीची तपासणी’ वेगळी ओळ म्हणून असायला हवी, आणि ती ओळ कधीही खोडू नका. काम मोठं असेल तर सर्ट-इनच्या यादीतल्या मान्यताप्राप्त ऑडिटरकडून कोटेशन घ्या.

लहान धंद्यात सर्वांत मोठं नुकसान बहुधा पैसे चुकीच्या खात्यात जाण्याचं असतं. हल्लेखोर मेल वाचत बसतो, बिलाची वेळ आली की तुमच्याच पत्त्यावरून ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी मेल ग्राहकाला जाते. पैसे गेल्याचं कळताच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर फोन करा. इथे मिनिटं मोजावीत. दुसरं नुकसान असं की सर्व्हरवरून स्पॅम जाऊन तुमचा पत्ता काळ्या यादीत पडतो आणि खरी मेलही अडते. अशी यादी ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था आपल्या यादीतून नाव काढायला पैसे घेत नाही. ‘स्पॅमहाउसमधून काढून देतो, इतके होतील’ असं कुणी म्हणत असेल तर ते फक्त अर्ज भरण्याचे पैसे आहेत, आणि सर्व्हर साफ न करता अर्ज केला तर नाव पुन्हा चढतं.

सरकारला कळवायला पैसे लागत नाहीत, पण वेळेचं बंधन आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. टोल-फ्री क्रमांक १८००-११-४९४९. सगळी माहिती हाती नसली तरी आहे तेवढी द्या. याच निर्देशांनुसार सर्व्हरचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. पंचवीस माणसांच्या ऑफिसचे लॉग दाबून ठेवले तर फार थोडी जागा घेतात, तेव्हा ‘लॉग स्टोरेज’ची मोठी रक्कम दिसली तर प्रश्न विचारा. नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे नियम याशिवाय लागू आहेत. आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दलचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत ठेवलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

कुणी त्रुटी दाखवली तर

एक दिवस अनोळखी मेल येते: ‘तुमच्या मेल यंत्रणेत गंभीर त्रुटी सापडली आहे, बक्षीस काय देणार?’ घाबरून पैसे पाठवू नका आणि मेल पुसूनही टाकू नका. तपशील मागा. बऱ्याचदा हे एवढंच असतं की तुमच्या डोमेनवर डीमार्कची, म्हणजे तुमच्या नावाने जाणारी बनावट मेल ओळखू देणारी, नोंद नाही. ती कुठल्याही मोफत साधनाने दिसते आणि इंजिनिअर ती थोड्या वेळात घालून देतो. त्याचं बक्षीस देण्याचं कारण नाही. पण खरोखर काही गंभीर असेल, आणि कळवणाऱ्याने काही बिघडवलं किंवा उपसलं नसेल, तर आभार माना, दुरुस्तीची तारीख सांगा आणि ती पाळा. जमेल तेवढं मानधनही द्या. त्या माणसाने तुमचे तपासणीचे पैसे वाचवले आहेत. कळवायचं कुठे हे सांगणारी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ ही छोटी फाइल संकेतस्थळावर ठेवायला काहीच खर्च नाही.

तुम्ही स्वतः इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असाल आणि एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडली असेल, तर ती स्वतःच्या यंत्रावर सिद्ध करा. दुसऱ्याच्या चालू सर्व्हरवर परवानगीशिवाय करून पाहिलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात, आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आधी निर्मात्याला कळवा, दाद लागली नाही तर सर्ट-इनला. सर्ट-इनला त्रुटींना अधिकृत सीव्हीई क्रमांक देण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी कुणाला शुल्क द्यावं लागत नाही.

सर्व्हर सोडताना

हिशेब करून भाड्याच्या सेवेकडे जायचं ठरलं, तर सर्व्हरचे पॅच बसवण्याची जबाबदारी सेवा देणाऱ्याची होते. तुमच्याकडे पासवर्ड, दुहेरी पडताळणी आणि नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं बंद करणं उरतं. मोठ्या सेवाही अभेद्य नाहीत: २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड मेलमध्ये डिजिटल सहीच्या चोरलेल्या किल्लीने शिरकाव झाला होता. म्हणून खात्यात कोण कुठून शिरलं याचे लॉग कोणत्या प्लॅनमध्ये मिळतात ते सही करण्याआधी पाहा. स्वस्त प्लॅनमध्ये ते अपुरे असू शकतात.

स्थलांतराचा खर्च जुन्या मेलच्या आकारमानावर ठरतो. दहा वर्षांच्या मेल आणायच्या की तीन, हे आधी ठरवलं तर कोटेशन बरंच खाली येतं. डोमेन एजन्सीच्या नावावर नोंदवलेलं असेल तर काम सुरू होण्याआधी ते संस्थेच्या नावावर करून घ्या, कारण शेवटचं बिल अडलं की डोमेनही अडतं.

आणि जुना सर्व्हर ‘जुन्या मेल बघायला लागतात’ म्हणून तसाच चालू ठेवू नका. त्याच्यावर आता कुणी पॅच बसवणार नाही, करारही संपलेला असेल, पण बाहेरून तो तितकाच दिसतो. मेल काढून घ्या, त्या उघडतात का ते पाहा, लॉगची १८० दिवसांची प्रत बाजूला ठेवा, आणि मग त्याची इंटरनेटची जोडणी काढा. हे काम एका दुपारचं आहे. स्थलांतराच्या कोटेशनमध्ये ते शेवटची ओळ म्हणून लिहून घ्या आणि शेवटचा हप्ता त्या ओळीला बांधा.